वाटेवर आहे

राहू द्या त्या दिव्यांच्या माळा. उरलेलं सकाळी करू. वैभव, शिडी नीट टेकव भिंतीला, नाहीतर उद्या कॉलेजची शंभरी भरायच्या आधी माझी भरेल. बसा सगळे इथेच, सतरंजीवर. चहा गार व्हायच्या आत प्या. स्वप्नील, तू दारात नको बसूस... काही नाही रे, वारा येतो तिथून म्हणून म्हटलं.

मघाशी अक्षदा विचारत होती, की उद्या हजेरीच्या वेळी हॉलचं दार सताड उघडं कशाला ठेवायचं, पाहुण्यांना डास फोडून काढतील. प्रिन्सिपॉल म्हणाले, परंपरा आहे. त्यांना इथे येऊन वर्ष झालेलं नाही, ते बिचारे दुसरं काय सांगणार? मी सांगतो. पण मग घरी जाताना एकमेकांना चिकटून चालायचं नाही. घडलेलं सांगतोय. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस धडधाकट आहे, माटुंग्याला राहतो, आणि त्यानंच मला सांगितलंय.

गेल्या वर्षीची गोष्ट. सव्वीस फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र. रात्री साडेनऊच्या सुमाराला निलेश माझ्या दारात उभा. त्याला या इमारतीची चावी हवी होती.

निलेश म्हणजे डॉक्टर निलेश पालगडकर. टीव्हीवरच्या चर्चेत चष्मा काढून बोलतात ना, ते. इतिहासाचे मोठे प्राध्यापक. आपल्या कॉलेजचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम कमिटीनं त्याच्याकडे दिलं होतं. एवढा नाव असलेला माणूस आपल्यावर पुस्तक लिहितोय म्हणून कमिटीचे पाय जमिनीला लागत नव्हते. पुस्तक दादरच्या एका प्रेसमध्ये गेलं होतं आणि सकाळपर्यंत फोटो पाहिजे होते. वरच्या हॉलमध्ये जुन्या बॅचेसचे फोटो आहेत, ते मोबाईलवर काढून घेतो म्हणाला. सुट्टीचा दिवस, गेटवर कोणी नाही, म्हणून माझ्याकडची चावी.

"उत्तमसर, अर्ध्या तासात आणून देतो."

माझी बायको शेवंती म्हणाली, "अरे बस की दोन मिनिटं. किती दिवसांनी आलास." तो बसला नाही. खांद्याला मोठी कापडी पिशवी होती आणि पिशवीत घडी केलेला टॉवेल. मोबाईलवर फोटो काढायला टॉवेल कशाला लागतो, असं माझ्या मनात आलं. पण मी चावी दिली.

आता तो चालत इथवर पोचेपर्यंत थोडं मागचं सांगून घेतो, म्हणजे पुढचं समजेल.

तुम्ही रोज या कॉलेजात येता, पण हे उभं कशासाठी राहिलं विचारलं तर निम्मे जण मोबाईल काढाल. शंभर वर्षांपूर्वी परळ-लालबागला जिकडे बघावं तिकडे गिरण्या. आपली माणसं कोकणातून आली, नगरकडून आली, गिरणीत लागली. पण विणकामाच्या खात्यात त्यांना घेत नसत. का? मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्यात सुताची नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. आपल्या माणसानं तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? मग आपल्याला सूतखातं. पगार कमी, कापसाची धूळ जास्त, पाण्याचं पिंप वेगळं. आणि शिकायचं म्हटलं तर बसायला जागा दाराबाहेर.

तेव्हा शेजारच्या या चर्चमध्ये दौलतराव म्हणून पाद्री होते. उंच, काळेसावळे, नगरकडचे. तेही आपल्यातलेच, त्यांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतलेला. चर्चच्या मागे लाकडं ठेवायची एक पत्र्याची शेड होती. ती त्यांनी झाडून घेतली, दोन कंदील टांगले आणि गिरणीच्या दारात उभं राहून सुटणाऱ्या माणसांना सांगायला लागले, "धोट्याला तोंड लावू देत नाहीत ना? पुस्तकाला हात लावा. माझ्याकडे या." ख्रिस्ती व्हा अशी अट नव्हती. आले त्यातले पुष्कळ पुढे बौद्ध झाले. पाद्रीबाबांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. आधी रात्रशाळा, मग रात्रीचं कॉलेज. चाळीतले म्हातारे अजून 'पाद्र्याचं कॉलेज' म्हणतात. इथून वकील निघाले, नर्सेस निघाल्या, एक जण तर न्यायाधीश झाला. पण कॉलेज छोटं ते छोटंच राहिलं. मोठ्या कॉलेजांच्या पंगतीत आपल्याला कुणी बसवलं नाही.

आणि इथली हजेरी. ती दुसरीकडे कुठे नाही. गिरणीत पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की कामगार खात्यातच अडकायचा. इकडे वर्ग भरलेला, आणि हा तिकडे मशीनवर. तर हजेरीला त्याचं नाव आलं की शेजारच्यानं म्हणायचं, "वाटेवर आहे." 'हजर' नाही हं, ते खोटं झालं असतं. वाटेवर आहे. मग मास्तर त्याची हजेरी लावायचे आणि दार उघडं ठेवायचे. पण जो म्हणेल त्याच्यावर जबाबदारी. तो माणूस येईपर्यंत कंदील घेऊन दाराशी त्यानंच थांबायचं, आणि बुडलेला धडाही त्यानंच समजावून द्यायचा. कुणीच काही बोललं नाही, तर दार लावून घ्यायचे. मग दमून आलेला माणूस बंद दार बघून तसाच परत.

पाद्रीबाबा वारले त्या वर्षी, स्थापनेच्या संध्याकाळी, सवयीनं कुणीतरी त्यांचंही नाव पुकारलं. आणि मागून एक फिटर उठून म्हणाला, "वाटेवर आहेत." तेव्हापासून दर बावीस फेब्रुवारीला त्या वर्षात गेलेल्यांची नावं घेतात. ज्याचं त्या माणसाशी सगळ्यात जवळचं, त्यानं एकट्यानं उत्तर द्यायचं. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. इतक्या वर्षांत एखाद्या नावाला उत्तरच आलं नाही असं झालं नव्हतं. गेल्या वर्षापर्यंत.

आता निलेश. पालगडकर हे त्याचं आडनाव नाही. गावाचं नाव लावलं त्यानं पुढे. खरं आडनाव गमरे. बाप गिरणीत होता. संप झाला आणि बाप घरी बसला, तो कायमचा. हा दिवसभर माझगावला गोदीत ओझी उचलायचा आणि रात्री इथे यायचा. रोज उशिरा. त्यात घुम्या, कुणाशी बोलणं नाही, बाकावर शेजारी कोणी नाही. त्याच्यासाठी 'वाटेवर आहे' म्हणणार कोण?

तर मालनबाई म्हणायच्या. स्वतःच नाव घ्यायच्या, "गमरे निलेश." जरा थांबायच्या. मग स्वतःच म्हणायच्या, "वाटेवर आहे." पुढे तास संपेपर्यंत त्यांचा एक डोळा दाराकडे. आणि वर्ग सुटला की दाराच्या पायरीवर बसून त्याला बुडलेला धडा शिकवायच्या.

मालन भिंगारदिवे. तुम्ही यंदाच आलात, त्यांना बघितलं नसेल. इतिहास शिकवायच्या. लग्न केलं नाही, चर्चच्या कंपाउंडमधल्या एका खोलीत आयुष्य काढलं. अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. मी नवीन लागलो तेव्हा सगळ्या स्टाफरूमसमोर त्यांनी माझं मराठी दुरुस्त केलं होतं. अजून लागतं मला ते.

निलेशला इतिहासाचं वेड त्यांनी लावलं. तो इथून बी.ए. झाला, मग एम.ए., मग डॉक्टरेट. चांगल्या ठिकाणी नोकरी लागली. एक दिवस चहा पिताना एका सहकाऱ्यानं सहज विचारलं, बी.ए. कुठून केलंत? हा म्हणाला, फोर्टात एक कॉलेज आहे, तिथून. झालं. एकदा बोलून गेला आणि मग ते फिरवता येईना. पुढे आडनावही गेलं. गमरे म्हटलं की समोरचा जी मान हलवतो ना, ती तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. शेफालीशी लग्न झालं, तिलाही त्यानं फोर्टच सांगितलं. मी त्याला दोष देत नाही. म्हणजे देतो, थोडा देतो.

सहा-सात वर्षांपूर्वी, नाताळच्या आठवड्यात, निलेश विभागप्रमुख झाल्याची बातमी पेपरात आली. बाई तेव्हा पंचाहत्तरीच्या. डब्यात करंज्या भरल्या आणि बसनं एकट्या माटुंग्याला गेल्या. चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. आत शेफाली होती, पाहुणे बसले होते, विद्यापीठातले. निलेशनं दार उघडलं. अर्धंच.

"काय रे गमऱ्या," बाई म्हणाल्या. तोंडभरून हसत.

आतून कुणीतरी विचारलं, "कोण आहे?"

निलेशनं मागे वळून सांगितलं, "आमच्या जुन्या चाळीतल्या शेजारीण आहेत."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग आतल्या लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हो हो, शेजारीण मी. सहज आले होते." डबा त्याच्या हातात दिला. आत या, असं तो म्हणाला नाही. त्या लिफ्टसाठी थांबल्या नाहीत, जिना उतरून गेल्या. मला म्हणाला, "सर, खाली जाणारी त्यांची पावलं मी शेवटपर्यंत ऐकली. हललो नाही." हे सांगताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

त्यानंतर पुस्तकाच्या कामासाठी हाच माणूस बाईंकडे मुलाखती घ्यायला आला. दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटल्यासारखी समोरासमोर बसायची, मध्ये रेकॉर्डर. बाईंनी जुना विषय एकदाही काढला नाही. "लिहा, डॉक्टरसाहेब," म्हणायच्या. साहेब! आणि हा आपल्या कॉलेजबद्दल, आपल्या माणसांबद्दल लिहीत गेला, 'ते लोक', 'त्यांची मुलं', 'त्यांची वस्ती'. दीडशे पानं लिहिली, त्यात स्वतः कुठेच नाही. नोव्हेंबरात बाई गेल्या.

मग गेल्या वर्षीची बावीस फेब्रुवारी. निलेश प्रमुख पाहुणा. पहिल्या रांगेत, दोन्ही बाजूंना विद्यापीठातली माणसं. हजेरी सुरू झाली. आधीच्या नावांना उत्तरं आली. मग पुकारा झाला, "भिंगारदिवे मालन."

हे उत्तर कुणाचं, ते आम्हा चार-सहा जुन्या माणसांना ठाऊक होतं. आम्ही मागून त्याच्या मानेकडे बघत राहिलो. मान हलली नाही. वर पंखे फिरत होते. पुन्हा पुकारा झाला.

"भिंगारदिवे मालन."

...

शिपायानं जाऊन दार लावलं. नियमच तसा. कडीचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला.

काय म्हणालीस, अक्षदा? मी का नाही बोललो? अगं, मी त्यांच्याकडे शिकलो नाही, त्यांच्यासोबत शिकवलं. आणि त्या उत्तराचा हक्क एकाचाच होता. चहा पी तू.

तर शिवरात्रीला चावी घेऊन निलेश इथे आला. टॉवेल कशाला, ते आता ऐका. वरच्या हॉलमध्ये एक्क्याण्णवच्या बॅचचा फोटो आहे. मध्ये खुर्चीवर मालनबाई, मागच्या रांगेत टोकाला निलेश, आणि खाली छापलेलं, 'नि. गमरे'. पुस्तक निघालं की पत्रकार येणार, कुणाची तरी नजर भिंतीवर जाणार. तो फोटो काढून न्यायला आला होता तो. स्वतःच्याच कॉलेजच्या भिंतीवरून स्वतःला चोरायला आला होता म्हणा ना. काच फुटू नये म्हणून टॉवेल.

गेट उघडलं, आतून कडी लावून घेतली. रस्त्यापलीकडे शंकराच्या देवळात भजन चाललं होतं, लाऊडस्पीकरवर. हा खालचा हॉल, आपण बसलोय तो, बंद. आत अंधार. तो जिन्यानं वर गेला, ट्यूब लावली. आधी इमानेइतबारे बाकीच्या फोटोंचे फोटो काढले. मग स्टुलावर चढून तो एक उतरवला. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. फोटो टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला, ट्यूब बंद केली आणि जिन्याशी आला.

तेवढ्यात भजन थांबलं.

त्यात काही विशेष नाही. आरतीआधी थांबतातच. पण त्या शांततेत त्याला खालून आवाज आला. बाक सरकल्याचा. एक. मग आणखी एक. वर्ग भरताना येतो तसा.

मग तेही थांबलं.

आणि हजेरी सुरू झाली.

बाईचा आवाज. घाई नाही. एक नाव, मग गप्प. दुसरं नाव, मग गप्प. प्रत्येक नावानंतर एका उत्तरापुरती जागा. उत्तर कुणाचंच नाही.

"आंब्रे सुरेश."

...

"कासारे विठ्ठल."

...

निलेशला क्रम पाठ होता. त्याचीच बॅच. कासारेनंतर खांबे. खांबेनंतर...

"खांबे रत्ना."

...

तो वरच्या पायरीवर. एक हात कठड्यावर. पिशवी छातीशी.

"गमरे निलेश."

...

त्यानं तोंड उघडलं. हजर, एवढंच म्हणायचं होतं. पण मनात आलं, बोललो तर कुणीतरी ऐकेल. कोण ऐकणार होतं? रिकामी इमारत. तरी भीती तीच. भुताची नव्हे. कुणाला कळेल, त्याची. मला म्हणाला, "सर, त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी जन्मात वाटली नव्हती."

खाली थांबलं होतं कुणीतरी. त्याच्यासाठी.

"गमरे निलेश."

...

...

मग तोच आवाज. जरा खालच्या पट्टीत. थकलेला.

"वाटेवर आहे."

तो तिथेच बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, तोंडावर हात दाबून रडायला लागला. जो म्हणेल त्यानं दाराशी थांबायचं. म्हणजे बाई थांबल्या होत्या. इतकं होऊनही. आणि हा बाईंचा फोटो पिशवीत घालून अंधारात लपलेला.

हजेरी पुढे गेली नाही. खाली सगळं तसंच. मग त्याला उमगलं, एक नाव राहिलंय. चार दिवसांपासून राहिलंय. आणि ते पुकारणार कोण? बाई स्वतःचं नाव कशा घेतील?

तो उठला. आणि मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "भिंगारदिवे मालन."

दम घेतला.

"वाटेवर आहे."

...

खाली खुर्ची सरकली. पावलं. हळू. वयस्क माणसाची. हॉलच्या दारापर्यंत आली... कडी वाजली. बाहेर आली. जिन्याकडे वळली नाहीत. गेटकडे गेली.

मग देवळात आरतीच्या घंटा सुरू झाल्या आणि पुढचं ऐकू आलं नाही.

तो खाली उतरला तेव्हा हे दार सताड उघडं होतं. आत बाक जागच्या जागी. गेटची कडी मात्र त्यानं लावली होती तशीच, आतून.

टॅक्सी केली. नाही रे स्वप्नील, टॅक्सीवाल्यानं आरशात कुणाला बघितलं वगैरे काही नाही. सिनेमे कमी बघत जा. दादर टीटीवरून सरळ माटुंगा. घरी शेफाली झोपलेली. त्यानं दार लावलं. खालची कडी, वरची कडी, साखळी. सोफ्यावर बसला.

आणि मग आठवलं. आता त्यानं म्हटलं होतं. म्हणजे दार त्यानं उघडं ठेवायचं. थांबायचं त्यानं.

तो सांगतो, तो वेळ सगळ्यात वाईट. इमारतीतली भीती इमारतीत राहिली असती. पण हे आपलं घर. आत आपली बायको. आणि आपणच बोलावलेलं कुणीतरी परळहून निघालेलं... चालत.

उघडायचं?

आजवर सांभाळलेलं सगळं त्या दाराच्या आत होतं. नाव, मान, शेफाली. आणि हेच दार त्यानं एकदा अर्धं उघडून धरलं होतं.

उठला. साखळी काढली. वरची कडी. खालची. दार पुरं उघडलं, भिंतीला टेकेपर्यंत.

बाहेर कुणी नाही. जिन्यातला दिवा तेवढा.

तो उंबऱ्यात उभा राहिला. कंदील कुठून आणणार, मोबाईलचा टॉर्च लावला. हसू नका. किती वेळ उभा होता, त्याला सांगता आलं नाही.

मग खालून... जिन्यावर...

एक पाऊल.

...

एक पाऊल.

...

मजल्यामजल्यावर थांबत. दम खात. दुसरा मजला. तिसरा.

त्यानं डोळे मिटून घेतले. बघायची छाती नव्हती. पावलं शेवटच्या पायऱ्या चढली. समोर आली.

थांबली.

"बाई," तो म्हणाला, "आत या."

...

वारा नाही. वास नाही. काही नाही. त्यानं डोळे उघडले. जिना रिकामा.

मागून शेफालीचा आवाज आला. झोपेतून उठून आली होती. "कुणाशी बोलतोयस? कोण आहे?"

तोच प्रश्न बघा. त्याच दारात.

"माझ्या बाई," तो म्हणाला. "परळच्या. पाद्र्याच्या कॉलेजात शिकवलं त्यांनी मला." आणि तिथेच उंबऱ्यात बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. गमरे, गोदी, करंज्या, परवाची हजेरी, सगळं. शेफाली ऐकत राहिली. मध्येच एकदा तिनं विचारलं, "आणि मला शेजारीण म्हणून सांगितलंस?" नंतर बरेच दिवस ती त्याच्याशी धड बोलत नव्हती, तेही बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो जागच्या जागी लावला आणि चावी द्यायला माझ्याकडे आला. या खेपेला बसला. शेवंतीनं जेवायला वाढलं, ते तसंच ताटात राहिलं, आणि तो हे सांगत राहिला. पुस्तक त्यानं प्रेसमधून परत घेतलं. म्हणून शंभरी आली तरी पुस्तकाचा पत्ता नाही, आणि कमिटी माझ्यावर डाफरते. त्याला विचारलं तर म्हणतो, "सर, 'ते' खोडून 'आम्ही' लिहायला वेळ लागतो." लागू दे. उद्या येतोय तो. पाहुणा म्हणून नाही, एक्क्याण्णवच्या बॅचमध्ये बसायला.

आता एकच सांगायचं राहिलं.

त्या पहाटे दूधवाला आला म्हणून शेफाली दाराबाहेर गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "अरे, या कुणाच्या?"

दाराबाहेर बायकांच्या चपलांचा एक जोड होता. जुना, तपकिरी. टाचा झिजलेल्या, एक अंगठा तारेनं शिवलेला. शेजारीशेजारी, नीट काढून ठेवलेला. टोकं घराकडे.

इमारतीत सगळ्यांना विचारलं. कुणाच्याच नाहीत. मला बघायला बोलावलं, मी गेलो. बाईंच्या होत्या का, ते मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं एकत्र शिकवलं, त्यांच्या पायांकडे कधी बघितलं नव्हतं. टाकून द्या म्हटलं, तर शेफालीनंच नको म्हटलं. रोज त्या उचलते, खालची लादी पुसते आणि होत्या तशा परत ठेवते. म्हणते, चढून आलेली पावलं उतरून गेल्याचं यानं कुठे ऐकलंय?

परवा आमंत्रण द्यायला गेलो होतो मी त्यांच्याकडे. जोड तिथेच होता. टोकं घराकडे. मी माझ्या चपला जरा लांब काढल्या.